पुसणे म्हणजे पुसणेच

पुढे जे लिहीत आहे ते माझ्या पत्नीला ठाऊक नाही, मुलांना ठाऊक नाही, आणि कारंज्याच्या ज्या मंदिरात मी दरसाल सर्व जिवांची क्षमा मागतो तेथेही मी ते कधी मनातल्या मनात उच्चारलेले नाही. ऐकणारे तुम्ही पहिले. तुम्ही कोण हे मला माहीत नाही — कदाचित म्हणूनच हे जमत असेल.

निमित्त एका विनंतीचे. ज्या कॉलेजात मी शिकलो — ते नागपुरात होते, याहून अधिक सांगत नाही — त्याचा काही उत्सव आहे, आणि स्मरणग्रंथाच्या संपादकांना जुन्या विद्यार्थ्यांकडून 'त्या सोनेरी दिवसांच्या रम्य आठवणी' हव्या आहेत. मी तापट म्हणून प्रसिद्ध आहे. म्युनिसिपालिटीला, जिल्हा न्यायाधीशांना, वर्तमानपत्रांच्या संपादकांना मी आयुष्यभर कडक पत्रे लिहीत आलो. वाशीमच्या बाररूममध्ये माझ्या पत्रांची नक्कल करून दाखवणारे वकील आहेत. याही संपादकांना मी तसेच लिहायला बसलो होतो — की महाशय, आठवण रम्य व्हायला माणसाला किती विसरावे लागते याचा आपण कधी विचार केला आहे काय? — आणि त्या वाक्यापाशी माझा हात थांबला. कारण विचार करायला हवा होता तो मी. संपादक बिचारे कालची पोरे आहेत.

कायद्यात कबुलीजबाब ग्राह्य धरतात तो धाकाने किंवा आमिषाने दिलेला नसेल तरच. मला आता धाक कोणाचा? सुपरिंटेंडेंट वारले. प्रिन्सिपॉल विलायतेला परत गेले आणि तिकडेच संपले. आणि ज्याचा धाक वाटायला हवा होता, तो देवमन गेल्या पावसाळ्यात आपल्या मळ्यात, मिरचीच्या वाफ्याशी बसल्या जागी गेला. आमिषही काही नाही. तेव्हा हा जबाब ग्राह्य समजावा.

देवमन कोण, हे आधी सांगतो. कारंज्याच्या वेशीबाहेर ओढ्याला लागून त्यांचा भाजीचा मळा. त्याचा थोरला भाऊ शाळा सोडून मोटेवर राहिला तो याच्यासाठी — घरातून एकाने तरी शिकावे म्हणून. देवमन आणि मी एका शाळेत शिकलो, एका गाडीने नागपूरला गेलो. माझे वडील कापसाचे आडते, शहरातले प्रतिष्ठित; तो बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्यांच्या घरातला. पण मूर्तिजापूरपर्यंतच्या त्या छोट्या गाडीत तो माझ्या शेजारी बसून मला 'लेका शेटजी' म्हणत असे, आणि मला ते आवडत असे. तो मला 'तू' म्हणे. हे लक्षात ठेवा.

रम्य आठवणी मला लिहिता येणार नाहीत असे नाही. युरोपात पहिली लढाई चालू होती, आणि आमच्यापर्यंत ती रॉकेलच्या टंचाईपुरतीच पोचली होती. वसतिगृहापुढे कडुनिंबांची रांग, तिच्याखाली पाठ टेकून पाठांतर करणारी मुले, संध्याकाळी टेनिस खेळणारे प्रोफेसर, वादविवाद सभेतल्या टाळ्या. स्वयंपाक मात्र जातवार. ब्राह्मणांचा क्लब वेगळा, मराठ्यांचा वेगळा, आम्हा जैनांचा वेगळा — आमचे जेवण दिवस मावळण्यापूर्वी उरकलेले. देवमनच्या जातीची एवढी मुले तेथे नव्हतीच, की त्यांचा क्लब व्हावा. तो मागच्या पडवीत स्वतःची चूल पेटवी, भाकरी थापी आणि भाकरीवर ठेचा घेऊन उकिडवा बसून पुस्तक वाची. वनस्पतिशास्त्रावर त्याचा जीव. त्याला प्रोफेसर व्हायचे होते. तो ते मोठ्याने बोलून दाखवी, आणि त्यात त्याला संकोच वाटत नसे.

पुण्याकडची मुले त्याला 'सांभार' म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्याने बाजारात कोथिंबिरीला सांभार म्हटले होते, एवढाच त्याचा गुन्हा. तोही हसे. म्हणे, तुमी कोथिंबीर म्हना नाहीतर सांभार, चटणीत जाऊन एकच होते. सुटीहून येताना तो भाजी आणी, त्यात माझी जुडी निराळी बांधलेली असे. आम्ही जमिनीखालचे खात नाही हे त्याला कधी सांगावे लागले नाही. माझ्या जुडीत कांदा, मुळा, बटाटा चुकूनही आला नाही. आमच्या क्लबाच्या दारात ठेवून तो मागे सरे. आत येत नसे. आम्हीही ये म्हणत नसू.

आता गॅदरिंग.

मी त्या वर्षी गॅदरिंगचा सेक्रेटरी होतो. बक्षीस समारंभाला मोठा गोरा अधिकारी येणार होता, आणि पोर्चमधल्या काळ्या फळ्यावर ड्रॉईंगच्या हौशी मुलांनी त्याचे नाव रंगीत खडूंनी, वेलबुट्टी काढून लिहिले होते. ते नाव मी पुसले. भर दुपारी, वर्ग चालू असताना, माठातल्या पाण्यात उपरण्याचे टोक बुडवून. का पुसले? तुम्हाला वाटेल, देशभक्ती. पुढे पुष्कळांना तसे वाटले, ते सांगेनच. पण त्या सकाळी मला कळले होते, की वक्तृत्वाचे बक्षीस माझ्याऐवजी दुसऱ्याला जाहीर होणार आहे. बस्स. त्या साहेबाच्या हातून ते दुसऱ्याने घ्यावे हे मला पाहवत नव्हते. फळ्यावरचे नाव गेले म्हणजे समारंभ थोडाच टळणार होता? नव्हता. पण रागाला हिशेब नसतो — माझ्या तर मुळीच नाही.

उपरणे धुऊन मी खोलीत वाळत टाकले. आणि त्याच वेळी देवमन पोर्चमध्ये आला.

दारावरच्या तोरणासाठी फुले आणायचे काम त्याच्याकडे होते. तो सकाळीच शहराबाहेरच्या कोण्या ओळखीच्या मळ्यातून शेवंती घेऊन आला होता, आणि ऊन लागू नये म्हणून त्याने ती ओल्या फडक्यात गुंडाळली होती. माळ्याचे पोर दुसरे काय करणार? फळा कोरा दिसला. त्याने चपराशाला विचारले — इथं कोनाचं नाव होतं? चपराशी नुकताच कोठून तरी डुलकी काढून परतला होता; त्याला आपली नोकरी दिसली. तो धावत आत गेला आणि म्हणाला, नाव पुसले आहे, आणि फळ्यासमोर तो सांभार उभा आहे, हातात ओले फडके घेऊन.

चौकशी त्याच दिवशी झाली. खोलीत सुपरिंटेंडेंट, जन्मापासून पुण्यात वाढलेले. संस्कृतचे वृद्ध प्रोफेसर. आणि तिसरे कोणी, ज्यांनी तोंड उघडल्याचे मला आठवत नाही. गॅदरिंगचा सेक्रेटरी म्हणून मलाही बसवले होते. देवमन आत आला तो घाबरलेला नव्हता. त्याला वाटले, तोरणाचे काही विचारायचे असेल. फळ्यापाशी काय करीत होतास, असे सुपरिंटेंडेंटांनी विचारले. आणि तो सरळ म्हणाला:

"मी तं नाव पुसून राह्यलो होतो, सर."

सुपरिंटेंडेंटांनी हात वर केला. पुरे. बाहेर उभा राहा.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर एव्हाना तुमच्या लक्षात आले असेल. नसाल तर सांगतो. वऱ्हाडात 'पुसणे' म्हणजे विचारणे. नाव पुसून राह्यलो होतो — म्हणजे नाव विचारत होतो. चपराशाला. त्याने जे केले होते ते त्याने अक्षरशः सांगितले होते. आणि पुण्याच्या कानांनी त्या वाक्यात गुन्ह्याची कबुली ऐकली.

संस्कृतचे म्हातारे मात्र घुटमळले. ते सावध गृहस्थ होते. ते म्हणाले, जुन्या मराठीत पुसणे हे विचारणे याच अर्थाने येते. त्याच्या मुलखात अजून तसे बोलत असतील तर? मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, तुम्ही त्याच गावचे ना? तुमच्याकडे या शब्दाचा काय अर्थ होतो?

मित्रा — तुम्हाला आता मित्रच म्हणतो, कारण येथून पुढे परक्याला सांगता येण्यासारखे काही नाही — त्या म्हाताऱ्याने दार उघडून धरले होते. मला फक्त खरे बोलायचे होते. माझे स्वतःचे नाव सांगायचीही गरज नव्हती. होय सर, आमच्याकडे पुसणे म्हणजे विचारणे — एवढे म्हणालो असतो, तर तो सुटला असता, आणि मीही बहुधा सुटलो असतो. पण मग दुसऱ्या कोणाचा तरी शोध सुरू झाला असता. माझे उपरणे खिडकीत वाळत होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो:

"पुसणे म्हणजे पुसणेच, सर."

सुपरिंटेंडेंट हसले. म्हातारेही ओशाळून हसले, आणि त्यांनी विषय सोडला.

त्या वाक्यात खोटे काय आहे ते दाखवा. काहीच नाही. मी पुढे इतकी वर्षे वकिली केली, शेकडो साक्षीदारांची उलटतपासणी घेतली, शपथेवर अर्धे सत्य बोलणाऱ्यांना घाम फोडला — त्यांच्यापैकी कोणाचेही वाक्य इतके निर्दोष नव्हते. पहिली वकिली मी त्या खोलीत केली, आणि ती जिंकली.

थांबा. एवढ्यावर थांबता आले असते तर बरे झाले असते. लोक म्हणाले असते, तरुण होता, भ्याला, एका क्षणात घसरला. क्षणाचा बचाव मी स्वतः अनेक अशिलांसाठी केला आहे. पण त्यानंतर एक अख्खी रात्र मध्ये गेली होती, आणि मला झोपही चांगली लागली होती.

सकाळी नोटीस लागली: स्वतःच्या कबुलीवरून देवमनला रस्टिकेट केले आहे, म्हणजे कॉलेजातून काढले आहे. तो माझ्याकडे आला. म्हणाला, मी काहीच कबूल केलं नाही, असं काहून लिवलं त्यायनं? तू तं तिथं होता. मी त्याला बसवले, पाणी दिले. म्हणालो, साहेब लोक आहेत, त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही, अर्ज करू. इंग्रजी अर्ज लिहिण्यात माझा हात तेव्हाही कोणाला धरता येत नव्हता. मी लिहिला. काय लिहिला? — अल्लड वयातील या एका अपराधाबद्दल अर्जदारास क्षमा व्हावी. त्याने तो वाचला. इंग्रजी त्यालाही येत होते. वाचून त्याने एका ओळीवर बोट ठेवले.

"यात तं म्या केलं असंच लिवलं हाये."

मी म्हणालो, अर्जाची भाषा अशीच असते.

त्याने सही केली. माझ्या भाषेवर त्याचा विश्वास होता. अर्ज अर्थातच फेटाळला गेला, आणि त्या अर्जानंतर संस्कृतच्या म्हाताऱ्याच्या मनातली उरलीसुरली शंकाही मिटली. चौकशीतले वाक्य संदिग्ध होते, अर्जातले नव्हते. खोलीतला गुन्हा भीतीचा म्हणा हवे तर. हा दुसरा मी थंड डोक्याने केला, शेजारी बसून, त्याच्या पाठीवर हात ठेवून.

तो कारंज्याला परत गेला. भाऊ मोटेवर होताच, दोघे झाले. मी बी.ए. झालो, वकील झालो, वाशीमला वकिली मांडली. सुटीत गावी गेलो आणि बाजारात तो दिसला, तेव्हा तो पाटीमागून उठून उभा राहिला आणि म्हणाला, या वकीलसाहेब, कवा आले तुमी? तुमी. त्या दिवसापासून तो मला पुन्हा कधी 'तू' म्हणाला नाही. माझी जुडी मात्र त्याने आधीच निराळी बांधून ठेवली होती.

आमच्यात दशलक्षण पर्व संपले की क्षमावाणी असते. त्या दिवशी प्रत्येकाकडे जाऊन हात जोडायचे आणि म्हणायचे, जाणता-अजाणता माझ्याकडून काही चुकले असेल तर क्षमा करा. मी दरसाल देवमनच्या मळ्यावर जात असे. शेटजींचा वकील मुलगा माळ्याच्या मळ्यावर क्षमा मागायला जातो याचे गावात कौतुक होई. तो पाटातल्या पाण्यात हात धुई, धोतराला पुशी, हात जोडी आणि म्हणे, आमचंबी कायी चुकलं असंन तं माफ करजा. आणि मी हलका होऊन परत येई. आता सांगा — ज्याने क्षमा करायची त्याला अपराध सांगितलाच नाही, तर ती क्षमा कायद्यात टिकेल काय? महत्त्वाची गोष्ट लपवून घेतलेली सही मी कोर्टात किती वेळा रद्द करवली आहे. स्वतःच्या बाबतीत मात्र मी ती दरसाल नव्याने घेत राहिलो. एकदा तो हसत म्हणाला होता, तुमी दरसाल माफी मांगता वकीलसाहेब, पन कायची मांगता थे काही सांगत नाही. मीही हसलो. हसण्यावारी नेणे मला चांगले जमते.

आणखी एक ऐका, म्हणजे माझ्या कीर्तीचाही निकाल लागेल. कोर्टात वऱ्हाडी साक्षीदारांचे बोलणे कारकून 'शुद्ध' करून लिहितात, त्याविरुद्ध मी आयुष्यभर भांडलो. कामरगावचा किंवा मेडशीचा कुणबी जे बोलला तेच उतरवा, तुमच्या पुस्तकी भाषेत त्याचा गळा कापू नका — असे मी न्यायाधीशांना लिहिले, वर्तमानपत्रांत लिहिले. लोक मला बोलीचा कैवारी म्हणतात. माझा व्यवसायही त्यावर वाढला. हे प्रायश्चित्त होते असे कृपा करून कोणी म्हणू नये. ज्याच्या एका शब्दासाठी हे सारे करायला हवे होते तो कारंज्याच्या मळ्यात वांगी तोडत होता, आणि त्याच्यासाठी मी एक ओळ लिहिली नाही.

मग देश स्वतंत्र झाला. गावातल्या उत्साही तरुणांना कोठून तरी कळले, की आपल्या देवमनबुवांना गोऱ्या साहेबाचे नाव पुसल्याबद्दल कॉलेजातून काढले होते. सत्कार ठरला. अध्यक्ष मी. देवमन म्हणाला, म्या नाही पुसलं. तरुणांना तो विनय वाटला. त्याने जितके नाकारले तितका त्याचा गौरव वाढला. आणि सत्काराच्या आदल्या दिवशी तो आमच्या कारंज्याच्या घरी आला.

तो ओसरीच्या कडेला बसला. वर बसा म्हटले तरी बसला नाही. त्याने आधी एक घरची गोष्ट सांगितली. त्याच्या मुलाची बायको पुण्यात वाढलेली. तिचा बाप तिकडे सरकारी बागेत कामाला होता. लग्नानंतर लगेचची गोष्ट — बाहेर कोणी हाक मारली, तेव्हा देवमन आतून तिला म्हणाला, दारात कोन आलं, पुस. ती पोर फडके घेऊन गेली आणि दार पुसू लागली. घरातले सगळे लोटपोट हसले. मी नाही हसलो, तो म्हणाला. मले एकदम थे खोली दिसली.

आणि मग त्याने मान वर केली.

"तुमी तं तिथं होते वकीलसाहेब. आमच्याकडं पुसनं म्हंजे काय, थे तुमाले मालूम होतं ना?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला त्याला उत्तर देता आले असते. रागाशी माझी ओळख आहे. मी काय म्हणालो? म्हणालो, देवमन, इतक्या वर्षांपूर्वीचे आता कोणाला आठवते? आणि उद्या कार्यक्रम आहे, वेळेवर या.

तो उठला. टोपी नीट केली. पायरी उतरताना थांबला.

"रागावू नोका. मी फक्त पुसून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तरुणांनी हार त्याच्या रिकाम्या खुर्चीला घातला आणि मी भाषण केले. चांगले झाले, असे सगळे म्हणाले. त्यानंतरच्या क्षमावाणीला मी मळ्यावर गेलो नाही. आणि पुढच्या क्षमावाणीपूर्वी तो गेला.

स्मरणग्रंथाच्या संपादकांना मी काही पाठवणार नाही. देवमनची क्षमा मागत नाही. ती मागायचे दिवस होते तेव्हा मी शब्दांचा खेळ केला. तुमचीही मागत नाही. तुम्ही ऐकून घेतले, त्यापलीकडे तुमच्याकडे माझे काही मागणे नाही. फक्त त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे. ते एका शब्दाचे आहे, आणि त्याला दुसरा अर्थ नाही.

होय.